रेशमाचा तारणहार एकटा नव्हता

१/ ‘लुई पाश्चर यांनी फ्रान्सचा रेशीमउद्योग वाचवला.’ चरित्रांमागून चरित्रांत हे वाक्य उतरत आले आहे. ते सुटसुटीत आहे. इतिहास म्हणून मात्र निम्मे अपुरे व निम्मे चूक आहे.

२/ १८५३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन रेशीमकोष निघाले. १८६५ मध्ये जेमतेम ४,००० टन. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उठत. म्हणून दक्षिण फ्रान्सच्या बोलीतील मिरीवाचक शब्दावरून या रोगास ‘पेब्रिन’ नाव पडले.

३/ अपराधी होता अळीच्या पेशींत वाढणारा एकपेशीय परजीवी. १८५७ मध्ये नेगेली यांनी त्याला ‘नोसेमा बॉम्बिसिस’ हे नाव दिले. इटलीत ओसिमो यांना त्याचे कण अंड्यांतही आढळले. अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच निवडावीत, हे व्हिटादिनी यांनी १८५९ मध्येच सुचवले होते.

४/ १८६५ मध्ये पाश्चर आलेस येथे पोहोचले, तेव्हा हे कण रोगाचे कारण नव्हे, केवळ लक्षण, असे त्यांचे मत होते. १८६६ मध्ये अंत्वान बेशां यांनी त्यांना बाहेरून आलेला परजीवी ठरवले. पाश्चर यांनी ते नाकारले, आणि पुढे स्वतः त्याच निष्कर्षाला आले.

५/ मग बेशां यांना देव्हाऱ्यात बसवावे काय? जंतुसिद्धान्ताचे विरोधक नेमके तेच करतात. पण बेशां येथे बरोबर ठरले ते रोग बाहेरच्या जंतूने होतो, असे म्हटल्यामुळेच! त्यांचा नंतरचा ‘मायक्रोझायमा’ सिद्धान्त टिकला नाही.

६/ पाश्चर यांचे खरे श्रेय पद्धतीचे आहे. प्रत्येक मादी पतंगाला वेगळे ठेवून अंडी घालू द्यायची, मग तिला कुटून तपासायचे. कण दिसले की ती अंडी नष्ट. १८७० च्या ग्रंथात त्यांनी ही रीत सविस्तर मांडली. महाराष्ट्रातील तुती-रेशीम शेतकऱ्याला आज मिळणारे ‘रोगमुक्त अंडीपुंज’ याच तत्त्वावर तयार होतात.

७/ आणि उद्योग ‘वाचला’? रोग आटोक्यात आला, पण फ्रान्सचे कोषउत्पादन १८५३ च्या शिखरावर पुन्हा कधीच चढले नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आशियाई रेशमापुढे तेथील कोषउत्पादकांचा निभाव लागेना.

८/ ओसिमो, व्हिटादिनी, बेशां यांची नावे घेतल्याने पाश्चर लहान होत नाहीत. ती गाळल्याने मात्र इतिहासाची आरती होते.