विश्लेषण : कारखान्यातल्या कंट्रोलरचा पासवर्ड विसरला तर? ‘अनलॉक करून देतो’ ही जाहिरात धोक्याची का?

मशीन बंद आहे, प्रोग्राम बदलायचा आहे आणि कंट्रोलर पासवर्ड मागतो आहे. तो टाकणारा इंजिनीअर कधीच नोकरी सोडून गेलाय. अशा वेळी समाजमाध्यमांवर ‘कोणत्याही पीएलसीचा पासवर्ड काढून मिळेल’ अशी जाहिरात दिसली, तर मोह होणारच. पण तो महागात पडू शकतो.

पीएलसी म्हणजे काय?

पंप, व्हॉल्व्ह, मोटर कधी सुरू आणि कधी बंद करायची, हे ठरवणारा छोटा औद्योगिक संगणक. त्यातला प्रोग्राम कुणीही वाचू किंवा बदलू नये, म्हणून पासवर्ड असतो.

जाहिरातीमागे काय दडलं होतं?

२०२२ मध्ये ‘ड्रॅगोस’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने ‘डायरेक्टलॉजिक ०६’ या कंट्रोलरसाठीचं असंच एक सॉफ्टवेअर तपासलं. त्यातून पासवर्ड खरंच मिळत होता, कारण ते कंट्रोलरमधल्याच एका त्रुटीचा फायदा घेत होतं. मात्र, त्याच वेळी ते इंजिनीअरच्या संगणकात ‘सॅलिटी’ हे मालवेअर सोडत होतं. तुम्ही क्रिप्टोकरन्सी पाठवण्यासाठी पत्ता कॉपी केलात, की त्या जागी चोराचा पत्ता यायचा. शिवाय हे मालवेअर पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कवरून पसरतं. म्हणजे कुलूप उघडलं, पण चोर घरात घेऊन!

मग सोपा पासवर्ड ठेवावा का?

नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील ॲलिक्विपा इथे हॅकर्सनी पाणीपुरवठ्याच्या पंपिंग केंद्रातल्या ‘युनिट्रॉनिक्स’ कंट्रोलरचा ताबा घेतला. कर्मचाऱ्यांना यंत्रणा हाताने चालवावी लागली. त्यानंतर अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने सल्ला दिला : कंपनीकडून आलेला ‘११११’ हा पासवर्ड बदला आणि कंट्रोलर थेट इंटरनेटला जोडू नका.

सुरक्षित मार्ग कोणता?

आधी मशीन बनवणाऱ्याकडे किंवा कंट्रोलरच्या कंपनीकडे जा. अनेक कंट्रोलरमध्ये रीसेट करता येतं, पण त्यात प्रोग्रामही पुसला जातो. उदाहरणार्थ, सीमेन्सच्या ‘एस७-१२००’मध्ये रिकामं ट्रान्सफर कार्ड घातलं, की पासवर्डसोबत प्रोग्रामही जातो. म्हणूनच खरी किल्ली म्हणजे प्रोग्रामचा ताजा बॅकअप. तो असेल, तर काम काही तासांचं. नसेल, तर प्रोग्राम पुन्हा लिहावा लागू शकतो.

त्यामुळे मशीन ताब्यात घेतानाच प्रोग्रामची प्रत मागून घ्या. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता कंपनीच्या सुरक्षित नोंदीत ठेवा आणि तो माणूस नोकरी सोडताना बदला.