चौरस फुटाच्या दरामागचे तास

बांधकामाच्या धंद्यात अंदाजपत्रक ही निव्वळ हिशेबाची बाब मानण्याचा प्रघात आहे. मोजमापे घ्यावीत, मालाचे भाव विचारावेत, मजुरीचा दर लावावा, त्यावर नफा धरावा आणि बेरीज मारावी. यात राजकारण ते कुठले, असा प्रश्न सुबुद्ध माणसेही विचारतात. आमचे मत याच्या उलट आहे. मजुराच्या पदरात काय पडणार हे पगाराच्या दिवशी ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, त्याने हत्यार हातात घेण्यापूर्वीच, या कागदावर ठरून गेलेले असते. म्हणून हा कागद वाचता येणे ही कार्यकर्त्याच्या शिक्षणाची बाब आहे.

अमेरिकेतील घरबांधणीचे उदाहरण घेऊ. तेथे घराच्या आतील भिंती बहुधा विटांच्या नसतात. लाकडाची वा पत्र्याची चौकट उभी करून तिच्यावर जिप्सम बोर्ड ठोकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या पद्धतीने ओल्या गिलाव्याला जवळजवळ हद्दपार केले. अशा एका भिंतीचा हिशेब पाहा. भिंत १२ फूट लांब आणि ८ फूट उंच आहे. चौकटीच्या उभ्या दांड्या, ज्यांना तिकडे स्टड म्हणतात, १६ इंचांच्या अंतराने लावायच्या. म्हणजे १४४ इंचांत ९ भाग आणि टोकाचा एक धरून १० स्टड. खाली एक व वर दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे ३६ फूट लाकूड. बोर्ड ४ फूट बाय ८ फुटांचा, ३२ चौरस फुटांचा. एका अंगाला ३, दोन्ही अंगांना मिळून ६. वाया जाणाऱ्या मालापोटी शेकडा १० धरायचे, शिवाय स्क्रू, सांध्यांवरची कागदी पट्टी आणि लुकण. हे गणित शाळकरी पोरानेही करावे असे सोपे आहे, आणि त्यात घासाघीस करायला जागा नाही. ९ स्टडमध्ये ही भिंत उभी राहत नाही.

परंतु मजुरीच्या रकान्याशी आलो की हे गणित एकाएकी लवचिक होते. तेथे तासांची नोंद नसते, असतो तो चौरस फुटाचा दर. एका चौरस फुटामागे माणसाची किती मिनिटे जातात, हे त्या दरात कोठेही लिहिलेले नसते. बोर्ड जिन्याने वर वाहून नेणे, छतासाठी परांची बांधणे, वायरमनचे काम उरकेपर्यंत ताटकळत बसणे, दारे-खिडक्या आणि कोपऱ्यांपाशी कापाकापी करणे, शेवटी भंगार उचलून जागा झाडून देणे, हे सारे त्या एका दराच्या पोटात ढकललेले असते. बोर्ड वाया गेला तर त्यासाठी शेकडा १० ची तरतूद आहे. वाया जाणाऱ्या वेळासाठी तरतूद नाही. ती मजुराच्या आयुष्यातून होते.

दक्षिण कॅलिफोर्नियात हे कोणत्या थराला गेले होते, ते पाहण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे बोर्ड बसवणाऱ्याला चौरस फुटामागे ८ ते ९ सेंट मिळत. मंदीच्या लाटेत कंत्राटदारांनी संघटनेशी असलेले करार झुगारले आणि मेक्सिकोतून आलेल्या स्थलांतरित कामगारांच्या असहायतेवर धंदा उभा केला. १९९२ पर्यंत दर ४ ते ५ सेंटांवर घसरला होता. त्याच दहा वर्षांत त्या देशातील किमती सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या होत्या, हेही जमेस धरावे.

४ सेंट म्हणजे काय, याचा उलगडा आपल्या त्या भिंतीवरच करू. दोन्ही अंगे मिळून १९२ चौरस फूट; मजुरी ७ डॉलर ६८ सेंट. त्या वेळचे किमान वेतन ताशी ४ डॉलर २५ सेंट होते. आठ तासांचे किमान वेतन, म्हणजे ३४ डॉलर, या दराने मिळवायचे तर दिवसाला ८५० चौरस फूट बोर्ड बसवला पाहिजे. हे सुमारे २७ बोर्ड झाले. अर्धा इंच जाडीचा एक बोर्ड २३ ते २५ किलोंचा असतो. म्हणजे दिवसाकाठी सहाशे किलोंहून अधिक वजन उचलायचे, तोलून धरायचे आणि भिंतीवर व छतावर ठोकायचे, तेव्हा कुठे कायद्याने ठरवलेली किमान पातळी गाठायची. दर ८ सेंट असता तर निम्म्या कामात ती गाठली असती. बोर्ड तेच, भिंत तीच आणि स्क्रूही तितकेच. बदलले होते ते केवळ दोन पक्षांमधील बळाचे प्रमाण.

जून १९९२ मध्ये या कामगारांनी काम बंद केले. मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातील एल माग्वे या एकाच गावचे अनेक जण त्यांत होते. गावकीचे आणि नात्यागोत्याचे हेच धागे संपाचा कणा ठरले. लॉस एंजेलिसपासून सॅन दिएगोपर्यंत पसरलेल्या बांधकामांवर जथे फिरू लागले. जुलैमध्ये ऑरेंज परगण्यात दीडशेच्या आसपास संपकऱ्यांना एकाच वेळी अटक झाली. तरीही संप पाच महिने टिकला. सुतारांच्या संघटनेने त्यांना आधार दिला आणि आणखी एक शस्त्र हाती आले: १९३८ चा श्रममानक कायदा. काम तुकड्यावर दिले तरी तासांची नोंद ठेवलीच पाहिजे आणि आठवड्यात ४० तासांपुढील कामाला दीडपट वेतन दिलेच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. कंत्राटदारांनी हे केलेले नव्हते. थकलेल्या जादा वेतनाचे दावे दाखल झाले आणि त्यांच्या दडपणाने कंत्राटदार बोलणीस आले. नोव्हेंबरमध्ये करार झाला, दर वाढला, संघटनेला मान्यता मिळाली. सॅन दिएगो मात्र या कराराबाहेर राहिले. विजय अपुरा होता हे नाकारण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. लहान कंत्राटदार म्हणतो की, वरचा विकासक मला जो भाव देतो त्यातच मला भागवावे लागते. मी दर वाढवला तर काम शेजाऱ्याकडे जाईल. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. पण त्याचा खरा अर्थ असा की, एकेका कंत्राटदाराशी एकेकट्या टोळीने केलेली घासाघीस निरर्थक आहे. कॅलिफोर्नियातील करार अनेक कंत्राटदारांशी एकत्रितपणे झाला, आणि एकाने दर पाडून दुसऱ्याचे काम पळवण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. एकजुटीचे महत्त्व मालकवर्गाला शिकवावे लागत नाही. जिप्सम बोर्डाच्या कारखानदारांनी पेटंटच्या परवान्यांआडून भाव बांधून घेतल्याचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा १९४८ साली न्यायालयाला त्या व्यवहाराचे कायदेशीर कवच काढून घ्यावे लागले. बोर्डाला तळभाव हवा हे कारखानदारांना कळते. बोर्ड उचलणाऱ्या हातांनाही तो हवा.

हा प्रश्न आज मुंबई-पुण्याच्याही दाराशी आहे. कार्यालये, हॉटेले, मॉल, सदनिकांची छते यांत हाच बोर्ड, पत्र्याच्या चौकटीवर, सर्रास बसतो. काम मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे आणि त्याच्याकडून टोळीच्या म्होरक्याकडे उतरते. प्रत्येक पायरीवर चौरस फुटाचा दर थोडा झिजतो. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यात तुकड्याच्या कामालाही किमान वेतन ठरवण्याची आणि ते वेळेच्या हिशेबाने किमान पातळीखाली जाऊ न देण्याची तरतूद आहे. कामगारविरोधी म्हणून या संहितांवर जी टीका होते ती आपल्या जागी आहे. पण जे कलम हाती आहे ते वापरणे आपले कर्तव्य ठरते. ते वापरायचे तर तासांची नोंद हवी, आणि चौरस फुटाच्या दराने पहिल्यांदा पुसला जातो तो तासच.

म्हणून कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे, पण चिकाटीचे आहे. टोळीतील एकाला रोजची वही ठेवायला शिकवावे: किती माणसे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती बोर्ड, किती वेळ खोळंबा. पंधरा दिवसांच्या नोंदीवरून चौरस फुटामागची मिनिटे निघतात. मग मागणी अशी मांडावी की वाहतूक, उंचीवरचे काम आणि खोळंबा यांचे दर वेगळे लावले जावेत. माल खरेदी करताना दारे-खिडक्यांची जागा वजा करायची नाही आणि मजुराचे माप घेताना मात्र ती वजा करायची, असा दुटप्पी हिशेब चालू देऊ नये. शहरभर एकच तळदर असावा आणि तो न पाळणाऱ्या साखळीची जबाबदारी वरच्या टोकापर्यंत पोहोचावी.

‘आम्हाला जास्त द्या’ एवढेच म्हणणाऱ्या मजुराला कंत्राटदार परवडत नाही म्हणून परत पाठवतो. ‘या भिंतीला आमचे इतके तास लागतात, तुमच्या अंदाजपत्रकात ते कोठे आहेत ते दाखवा’ असे वही पुढे ठेवून विचारणाऱ्या टोळीला तेच उत्तर देणे कठीण जाते. अंदाजपत्रकात स्टड मोजले जातात, स्क्रू मोजले जातात. तासही मोजले गेले पाहिजेत, आणि ते मोजणारा माणूस आपला असला पाहिजे.