नटीची कहाणी की जातीची साक्ष?

‘नटीच्या आत्मचरित्राचा आंबेडकरी चळवळीशी काय संबंध?’ अकोल्याच्या जुन्या शहरातील आमच्या वाचनवर्गात हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ निवडले, तेव्हा काही तरुणांनी असे विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना देहविक्रयाचे लाजिरवाणे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून रतन साळगावकर ही कोवळ्या वयाची मुलगी पडद्यावर आली. घराणे कलावंतिणींचे. तरीही सिनेमामुळे घराण्याला बट्टा लागेल म्हणून आडनाव बदलले गेले आणि ती हंसा वाडकर झाली.

पुढे ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) गाजले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. कमाई तिची, हुकूम मात्र इतरांचा. १९७० च्या आत्मचरित्रात तिने सारे सांगितले: दारू, नवऱ्याचा जाच, परक्या घरातली कोंडी आणि सुटकेसाठी ज्याची मदत मागितली त्या मॅजिस्ट्रेटनेच केलेला बलात्कार.

समीक्षक तिला ‘बेधडक बाई’ म्हणतात. ते अपुरे आहे. कुणाची मुलगी लग्नाची आणि कुणाची नाचायची, हे या देशात जात ठरवते. जात टिकते ती स्त्रीवरच्या बंधनांतून, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या आपल्या निबंधातच दाखवले होते.

यातही श्रेणीबद्ध विषमता आहेच. हंसाबाईंना आडनाव बदलून स्टुडिओची वाट तरी सापडली. मांग समाजातल्या विठाबाई नारायणगावकरांची जात फडासोबत गावोगाव फिरली. राष्ट्रपतींकडून गौरव झाला, पण २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीतून भरावे लागले. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, जबाबदारी कुणी घेतली नाही.

मित्रांनो, कलेच्या नावाखाली ही गुलामी जपायची नाही, हे खरेच. पण ‘तमासगिरीण’ हा शब्द शिवीसारखा वापरणारा आपला तरुण बाबासाहेबांचे अर्धेच म्हणणे ऐकतो. ते जिणे सोडा, असे ते म्हणाले ते त्या बायांच्या स्वाभिमानासाठी. त्यांना हिणवण्याचा परवाना त्यांनी कुणालाही दिलेला नाही.

जय भीम!