नवी बेस, अर्धवट काम

नवीकोरी बेस गिटार घ्यायची, घरी आणायची आणि आठवड्याच्या आत कारागिराकडे टाकायची, हा प्रकार आपल्याकडे इतका अंगवळणी पडलाय की त्यावर कुणी चिडतसुद्धा नाही. मी चिडतो. रोख पैसे मोजणाऱ्याच्या गळ्यात अर्धवट वाद्य मारणं ही उघड फसवणूक आहे. 'सेटअप काय, करून घ्यावाच लागतो' असं तोंड वर करून सांगणारे दुकानदार तिच्यात सामील आहेत.

मे महिन्यात एका विद्यार्थ्याला घेऊन पुण्यातल्या एका दुकानात गेलो होतो. भिंतीवरची बेस दिसायला देखणी, रंगात तोंड दिसावं इतकी चकाकणारी. नेकच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं तळहाताला बोचली. 'उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, सर,' विक्रेता म्हणाला. आक्रसतंच. इंडोनेशियाच्या दमट हवेत बनलेली नेक आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आली की फ्रेटबोर्ड आत जातो, धातूची पट्टी आहे तेवढीच राहते आणि टोकं बाहेर येतात. पण हे कारखान्याला ठाऊक आहे, दुकानालाही ठाऊक आहे. लाकूड नीट मुरवायचं आणि विकण्याआधी टोकांवर बारीक कानस फिरवायची, एवढंच काम. ते कुणीही केलेलं नव्हतं.

मग ट्यूनर लावला. मोकळी 'ई' तार काट्यावर बरोबर. पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर सरळ वर चढलेला. कारण नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या; तार उंच राहिली की दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर बिघडतो. शिकाऊ मुलाला हे कळत नाही. त्याला वाटतं आपलीच बोटं कच्ची आहेत. महिनोन्‌महिने तो स्वतःला दोष देत रियाज करतो, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो.

लिओ फेंडरने 1951 मध्ये बेस बाजारात आणली तेव्हा तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं होतं. उभ्या डबल बासला फ्रेट नसत, सूर कानाने शोधावा लागे. इथे फ्रेटवर बोट ठेवलं की सूर नेमका मिळेल, हे त्या नावातलं वचन होतं. नेक बॉडीला स्क्रूने जोडायची ही रचनाही कारखान्यात भराभर आणि एकसारखी वाद्यं बनावीत म्हणूनच केलेली. सत्तर वर्षांनंतर, संगणकावर चालणारी यंत्रं हाताशी असताना, पहिल्याच फ्रेटवर सूर चुकत असेल तर ती कारखान्याची बेपर्वाई आहे. 'या किमतीत एवढंच मिळणार' हे उत्तर मला मान्य नाही. किंमत कमी असेल तर साधा रंग द्या, साधे पिकअप बसवा. फ्रेट सपाट असणं ही चैन नव्हे.

हेच तंबोऱ्याला लावून बघा. मिरजेच्या कारागिराकडून तंबोरा आणताना कुणी 'जवारी, म्हणजे तारांचा झणकार, नंतर काढून घ्या' हे ऐकून घेईल का?

बेसची पारख करायला लाकडाच्या जातीवरची चर्चा बाजूला ठेवा. जाहिरातींनी तिचं स्तोम माजवलंय. चार तारा मिळून साधारण 75 किलोच्या ताणाने नेक ओढत असतात, तेव्हा आधी नेक बघा. 'ई' तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ एखाद्या कार्डाएवढी फट दिसली पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळी, फिरवून ती कमी होते का, हे तिथेच करून दाखवायला सांगा. नेक आणि बॉडीच्या सांध्यात कागद सरकतोय का पाहा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळतात का ऐका, म्हणजे इंटोनेशन कळेल. 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लगेच मरतो. थोडा बहुतेक बेसवर मरतो, पण ठोकळ्यासारखा वाजला तर ती बेस नको. पट्टा अडकवून हात सोडा, नेक जमिनीकडे झुकते का बघा. आणि हे सगळं अँपला जोडून, प्रत्येक फ्रेट वाजवून.

दुकानदारांकडे माझी मागणी एकच आहे: फ्रेट, नट आणि इंटोनेशन तपासूनच बेस गिऱ्हाइकाच्या हातात द्या, ते काम किमतीतच धरा आणि बिलावर तसं लिहून द्या. लिहून देत नाहीत तिथे माझे विद्यार्थी पैसे काढणार नाहीत.