विशेषण न लावता सांग

हल्ली मी एक गोष्ट ठामपणे म्हणू लागलो आहे. आपल्या बेस गिटारमध्ये नेमकं काय कमी आहे, हे ज्याला एका वाक्यात, विशेषण न लावता सांगता येत नाही, त्याने तिचे पिकअप बदलू नयेत.

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, पंचाहत्तरीला टेकलेल्या मास्तराला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. पण घरात नातू बेस वाजवतो आणि गेलं वर्षभर जेवताना दुसरा विषय नाही. ऐकून ऐकून माणूस शिकतोच की!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं हे तत्त्व आपण सगळेच शाळेत शिकलो आणि विसरलो. पॅसिव्ह बेसमध्ये बॅटरी नसते, आवाज वाढवणारं सर्किट नसतं. पिकअप, व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब, एक कपॅसिटर, संपलं. एवढ्याशा संसारात पिकअपला महत्त्व येणारच. आणि म्हणूनच त्याचा बाजारही मोठा.

हा बाजार चालतो विशेषणांवर. उबदार, मखमली, मातकट, दणदणीत. आयुष्यभर निबंध तपासल्यामुळे मला एक कळतं, की सांगायला काही नसलं की मुलं विशेषणं वापरतात. विशेषणांना कंटाळलेली मुलं मग आकड्यांकडे वळतात. अमक्याचा रेझिस्टन्स ८ किलोओहम, तमक्याचा १२, म्हणजे तमका दीडपट जोरदार! तसं नसतं. तार अधिक बारीक वापरली तर वेढे तेवढेच राहूनही हा आकडा वाढतो. आणि वेढे खरोखर वाढवले तर जोर वाढतो, पण वरचे स्वर दबतात. नुसत्या रेझिस्टन्सवरून आवाज ठरवणं म्हणजे गवयाचं वजन करून गाणं ठरवणं.

नातवाच्या बाबतीत गोष्ट गमतीची नव्हती. बँडमधली मुलं त्याला म्हणाली, "तुझा बेस ऐकूच येत नाही." पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्याला बोलवायची भाषा सुरू झाली. पोरगं तीन महिने शिकवण्या करून साठवलेले पैसे घेऊन उभं राहिलं. "आजोबा, पिकअप बदलतो."

म्हटलं, "बदल. पण आधी वहीत एक वाक्य लिही. विशेषण नको."

पहिलं वाक्य आलं, "आवाज पातळ आहे." खोडलं. दुसरं आलं, "ई तार ऐकू येते, जी तार येत नाही." हे वाक्य झालं! याला उपाय पैशाचा नव्हता, स्क्रू-ड्रायव्हरचा होता. पिकअप एका बाजूला खाली बसला होता. तो वर घेतला. फार वर घेऊनही चालत नाही. चुंबक तारेला ओढू लागतो आणि स्वर डगमगतो. तंबोरा बोलेना म्हणून कोणी लगेच भोपळा बदलत नाही, आधी जवारी बघतात. तसंच इथे. आधी उंची, मग तारा, मग नॉब आणि वायरींचे टाके, आणि त्यानंतर पिकअप.

तरी बँडमध्ये आवाज हरवतच होता. त्याची गिटार जॅझ बेसच्या धर्तीची, म्हणजे दोन पिकअपची. हा दोन्ही पूर्ण उघडे ठेवून वाजवायचा. तसं केलं की मधल्या पट्टीतली काही कंपनं एकमेकांत जिरतात. खोलीत एकट्याने ऐकायला तो आवाज गोड. पण ड्रम आणि दोन गिटारी सुरू झाल्या की नेमका तोच गडप होतो. पिकअपची परीक्षा घरी एकट्याने घेऊ नये, हे माझं दुसरं ठाम मत. बेस हे पंगतीत बसणारं वाद्य आहे. त्याची चव पंगतीतच बघावी.

मग त्याने पुलाजवळचा, मागचा पिकअप एकटा उघडला. जॅको पास्टोरियसचा आवाज मुख्यतः याच जागेचा, असं नातू सांगतो. आता बँडला बेस ऐकू आला, पण सोबत घरघरही आली. जॅझ बेसच्या दोन पिकअपचे वेढे आणि चुंबक सहसा एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही सारखे उघडले की विजेची घरघर आपसात मिटते, एकटा उघडला की उघडी पडते. तेव्हा वहीत तिसरं वाक्य आलं, "मला मागचा पिकअप एकटा वाजवायचा आहे आणि तो एकटा वाजवला की घरघर येते." 'मागचा' हेही व्याकरणाने विशेषणच, पण ते जागा दाखवतं, कौतुक करत नाही. चालू दिलं.

या वाक्यातच खरेदीची यादी आहे. त्याच मापात आतून दोन वेटोळी असलेला, घरघर मारणारा जोड. त्याने तोच घेतला. काही जाणकारांच्या मते अशा पिकअपमध्ये मूळ एकेरी वेटोळ्याचा तजेला थोडा कमी होतो. असेल. पण त्याने काय देऊन काय घेतलं, हे त्याला माहीत आहे.

हेच प्रिसिजन बेसला लावा, उत्तर वेगळं येईल. तिचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे आणि तो घरघर मुळातच मारतो. तरीही ती घरघरत असेल तर आधी आतली अर्थिंगची वायर आणि घरातला तीन पिनांचा प्लग तपासा. आणि डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन आठवा. मोटाउनच्या कितीतरी गाण्यांत त्याने १९६२ सालची प्रिसिजन वाजवली. एकच पिकअप, सपाट वेढ्यांच्या तारा आणि उजव्या हाताचं एक बोट.

"हौसेला मोल नसतं," असं कोणी म्हणेल. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने खुशाल हौस करावी, माझी ना नाही. पण शिकवण्यांच्या पैशातून होणाऱ्या खरेदीला मोल असतं. ते विशेषणांवर उधळलं की पोरगं पुढच्या महिन्यात दुसरा पिकअप शोधू लागतं आणि रियाज तिथेच राहतो.

घ्यायचंच ठरलं तर मात्र मोजपट्टी आधी काढा. जॅझमध्ये मागचा पिकअप बहुधा पुढच्यापेक्षा ३ मिलिमीटरने लांब असतो, काही गिटारींत दोन्ही सारखे. शक्यतो जोडच घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध वाजून आवाजातला दमच जातो. नॉब २५० किलोओहमचे आहेत की ५०० चे, तेही बघा. ५०० ने वरचे स्वर जास्त सुटतात. आणि जुने पिकअप फेकू नका. कुठली वायर कुठे होती ते कागदावर लिहून, त्यांच्यासकट डब्यात ठेवा. नव्याने काय दिलं, हे कळायला जुनं हाताशी लागतं.