उणे किंमत आणि न लिहिलेले गृहीतक

अर्थव्यवहारातील गणिती प्रतिमानांविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी बोलू नये, असा एक संकेत आपल्याकडे मुकाट्याने पाळला जातो. समीकरण दिसले की आपण आदराने किंवा तुच्छतेने बाजूला होतो. हा संकेत मोडला पाहिजे, असे आम्हांस वाटते. प्रतिमान हीदेखील एक संहिता असते, आणि तिच्यातील सर्वांत निर्णायक विधान पुष्कळदा तिच्यात लिहिलेलेच नसते. कच्च्या तेलाच्या किमतीचा अलीकडचा इतिहास याची साक्ष देतो.

२० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर या भावाने बंद झाला. म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला पैसे देऊ लागला. करोनाच्या साथीने तेलाची मागणी आटली होती. या वायद्याचे तेल ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग या गावी ताब्यात घ्यावे लागते. तेथील टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच भाड्याने गेली होती. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती. ज्याच्याजवळ टाकी नाही, त्याच्या दृष्टीने तेल ही संपत्ती राहिली नव्हती, ते एक ओझे झाले होते.

त्या काळात तेलाच्या वायद्यांवरील ऑप्शनांचे मोल ज्या सूत्राने काढले जाई, ते फिशर ब्लॅक यांनी १९७६ मध्ये मांडलेले होते. त्या सूत्रात उणे किमतीला जागाच नव्हती. ही जागा का नव्हती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बॅशेलिए यांनी सट्ट्याच्या गणितावर प्रबंध सादर केला. त्यांच्या मांडणीत किंमत काही फ्रँकांनी वर जाते किंवा खाली येते. अशी पावले पडत राहिली तर ती कधीतरी शून्याखालीही उतरू शकते. शेअरच्या बाबतीत हे विसंगत ठरते. कंपनी बुडाली तरी भागधारकाकडे अधिक काही मागता येत नाही. म्हणून पुढे ऑस्बर्न, सॅम्युएल्सन आदी अभ्यासकांनी किमतीतील बदल रकमेत न मोजता शेकडेवारीत मोजला. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, असे कितीही वेळा निम्मे केले तरी शून्य गाठता येत नाही. ब्लॅक आणि शोल्स यांचे १९७३ चे प्रसिद्ध सूत्र याच कल्पनेवर उभे आहे. तीच कल्पना १९७६ मध्ये वायद्यांकडे आली.

येथे आम्हांस साहित्याच्या वाचकाचे लक्ष हवे आहे. शेअरची किंमत शून्याखाली जात नाही, याचे कारण निसर्गात नसून कायद्यात आहे. भागधारकाची मर्यादित जबाबदारी ही माणसांनी केलेली तरतूद आहे. शेअर ठेवायला जागा लागत नाही. तेलाला टाकी लागते. तरीही शेअरसाठी योजलेली भाषा तेलासाठी वापरली गेली, आणि तिच्याबरोबर तिचा तळही आला. यालाच आपण रूपक म्हणतो. एका वस्तूचे गुणधर्म दुसरीवर आरोपित करताना कोणते गुणधर्म नकळत सोबत आले, हे तपासणे हाच तर आपला व्यवसाय! स्वतः या क्षेत्रात काम केलेले इमॅन्युएल डर्मन यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात प्रतिमानांना रूपकेच मानले आहे.

उणे किंमत ही अकल्पनीय गोष्टही नव्हती. वीज साठवणे कठीण, म्हणून जर्मनीच्या वीजबाजारात २००८ पासून उणे भावाला परवानगी आहे. वारा जोरात आणि मागणी मंद असली की तेथे भाव शून्याखाली जातात. साठवणीची अडचण विजेपुरतीच आहे, असे मात्र तेलवाल्यांना वाटत राहिले.

या न लिहिलेल्या विधानाची किंमत कोणी मोजली? मुंबईच्या एमसीएक्स बाजारातील तेलाचा वायदा न्यूयॉर्कच्या भावाचे रुपयांत रूपांतर करून मिटवला जातो. टाळेबंदीमुळे त्या दिवसांत येथील व्यवहार सायंकाळी पाच वाजता बंद होत. न्यूयॉर्कचा भाव शून्याखाली गेला तेव्हा येथे रात्र झालेली होती. सौद्यातून बाहेर पडण्याची वाट उरली नव्हती. अंतिम भाव ठरला पिंपामागे उणे २,८८४ रुपये. एका सौद्यात १०० पिंपे. म्हणजे ज्याने तेल घेऊन ठेवले होते, त्याने मोजलेला भाव तर गेलाच. वर सौद्यामागे २,८८,४०० रुपये देणे आले. ‘फार तर घातलेले पैसे बुडतील’ ही समजूत कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. ती सर्वांनी गृहीत धरली होती.

यावर गणिताचे गर्वहरण झाले म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांत आम्ही नाही. ८ एप्रिल रोजीच न्यूयॉर्कच्या बाजारचालकांनी भाव आणखी उतरल्यास सूत्र बदलण्याची सूचना दिली होती, आणि २२ एप्रिलपासून ते बदललेही. नवे सूत्र कोणते? बॅशेलिए यांचे, १९०० सालचे! उत्तर गणिताच्या कपाटातच होते. उणीव होती ती वाचनाची. हे सूत्र कोणत्या वस्तूसाठी लिहिले गेले आणि कोणत्या वस्तूला लावले जात आहे, हा प्रश्न ज्यांचे पैसे पणाला लागले होते त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

तो प्रश्न विचारण्यासाठी कलनशास्त्र यावे लागत नाही. कादंबरीतील निवेदक काय सांगत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शोधायला लावतो. तीच दृष्टी पीकविम्याच्या निकषांवर, वीजदराच्या आदेशांवर आणि बाजारभावांच्या अंदाजांवर वळवली पाहिजे, असे आमचे मत आहे. ‘गणितानेच असे सांगितले’ हे वाक्य आज निर्णय घेणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येते. त्या वाक्यातील कर्ता बदलून पाहावा. गणिताला जे गृहीत धरायला सांगितले गेले, ते सांगणारा कोणीतरी माणूस असतो. आणि जाब त्यालाच विचारता येतो.