सातबाऱ्यावरून नांव उतरल्यावर

गांवच्या सोसायटीच्या वार्षिक सभेंत ज्यांनीं वीस-वीस वर्षें पुढें बसून चिटणिसास जाब विचारले, तेच शेतकरी हल्लीं सभेच्या दिवशीं पारावर बसलेले आढळतात. चौकशी करतां कारण बहुधा एकच निघतें. जमीन मुलांच्या नांवें करून दिली, सातबाऱ्यावरून नांव उतरलें, आणि खातेदारीबरोबर सभासदत्वही मुलाकडे गेलें. यांत कायद्यानें कांहीं वावगें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढें काय होतें तें पाहावें. बँकेंत त्यांचें काम उरत नाहीं. अडत्या मुलाशीं बोलतो. बांधाच्या तंट्यांत त्यांची साक्ष कोणी काढीत नाहीं. आणि यंदा बी कोणतें घातलें हें त्यांस पेरणी झाल्यावर कळतें. घरांत दोन वेळां ताट वाढलें जातें, म्हणून लोक म्हणतात, म्हातारा सुखांत आहे!

बायकांची गोष्ट याहून वाईट. त्यांचें नांव बहुधा कधीं लागलेलेंच नसतें. पतीमागें वारस म्हणून लागलें, तर थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन तें काढण्यांत येतें. खुरपणी, कापणी, वेचणी यांत जिचा जन्म गेला, तिला शेतकरी म्हणून कोणत्याही दप्तरांत जागा नाहीं.

हा प्रश्न चार-दोन घरांचा नव्हे. २०११ च्या शिरगणतींत साठी उलटलेलीं सुमारें १० कोटी ४० लाख माणसें देशांत मोजलीं गेलीं. पैकीं सुमारें ७ कोटी ३० लाख खेड्यांत राहणारीं होतीं. सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. श्रावणबाळ योजनेचें मासिक वेतन २०२३ सालीं दीड हजार रुपये झालें. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांस एस. टी. चा प्रवास फुकट झाला. (ज्या वाडीवर एस. टी. येतच नाहीं, तेथील म्हाताऱ्यांनीं या सवलतीचें काय करावें हें आम्हांस सुचत नाहीं.) वेतन काढावयास जावें, तों पुष्कळदां यंत्र बोटाचा ठसा ओळखीत नाहीं. जन्मभर विळा-खुरपें धरून रेषा झिजल्या, हा कांहीं त्यांचा अपराध नव्हे.

मुलांची बाजूही आम्हांस ठाऊक आहे. जमीन नांवावर असल्यावांचून त्यांस पीककर्ज मिळत नाहीं. म्हणून वांटणी अवश्य करावी. पण हयातींत सगळीच जमीन देऊन टाकूं नये. एक तुकडा, विहिरीजवळचा असल्यास उत्तम, आपल्या व पत्नीच्या नांवें शेवटपर्यंत ठेवावा. बक्षीसपत्र करणें भागच असेल, तर उभयतांच्या अन्नवस्त्राची व औषधपाण्याची जबाबदारी घेणारावर राहील, अशी अट दस्तांत स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधींच्या २००७ च्या कायद्याचें कलम २३ अशा अटीच्या आधारें चालतें. ती मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करवून घेतां येतो. तोंडी भरंवशावर दिलेली जमीन परत मिळविणें मात्र फार कठीण जातें. यांत मुलावर अविश्वास दिसतो, असें कित्येकजण म्हणतात. ज्यांनीं सावकाराचा कागद वाचून घेतल्यावांचून सही केली नाहीं, त्यांनीं घरच्या कागदापुरतें भिडस्त कां व्हावें?

राहिली आपली सोसायटी. सभासदत्वाचा नियम बदलणें आपल्या हातीं नसेल. सभेचें बोलावणें धाडणें तर हातीं आहे. नांव उतरलेल्या जुन्या सभासदांस, व त्यांच्या पत्नींसही, येत्या सभेची नोटीस घरीं पोंचवावी, त्यांस मत नसलें तरी पुढें बसवावें व बोलूं द्यावें. १९७२ च्या दुष्काळांत गांवच्या कोणत्या विहिरीस अखेरपर्यंत पाणी राहिलें, हें सोसायटीच्या दप्तरांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें पारावर बसलेल्यांसच ठाऊक आहे.